थेंब पडू द्यायचा

आमच्या पाणीपुरवठा संस्थेचं पंपहाऊस
पलूसकडनं येताना, नदीच्या अंगाला.
भिंतीवर पुराच्या दोन रेघा,
वरच्या रेघेच्याही वर एक कोनाडा,
कोनाड्यात दोरा बांधलेली पेन्सिल
आणि दोनशेपानी वही.

वहीला नाव नव्हतं.
नेमगोंडा आण्णा म्हणायचे, शाळा.
नियम एकच. तो कुठं लिहिलेला नव्हता,
म्हणून मोडायला सापडायचा नाही:
काय बिघडलं ते लिहायचं.
कुणाच्या हातनं, ते नाही.

'पाणी न भरता बटण दाबलं. मोटर कोरडी फिरली. आवाज खरखर.'
'फूटव्हॉल्व्हला साडी अडकली हुती. जाळी बारीक पायजे.'
'बाराच्या पाळीला डोळा लागला. खालच्या चेंबरमधनं पाणी ओढ्याला.
च्या उभं राहून प्यावा.'

असं नाही की माणसं मऊ होती.
आण्णांची शिवी पैलतीरावर ऐकू जायची,
आणि सरीतलं आलं वाहून गेलं तेव्हा अक्काताई मदन्यांनी
माझ्या काकाला खुरप्याच्या दांड्यानं मोजून काढला होता.
पण संध्याकाळी त्याच आल्या. लिहिता येत नव्हतं.
म्हणाल्या, लिही पोरा,
फळीला माती लावून भागत न्हाई, गोणपाट लागतंय.

तशी शिकली तीनशे एकर.
रावसो माळ्याची चूक अस्लमच्या हाताला ठाऊक,
आणि जो कधी चुकलाच नाही
त्याच्याही बोटांना.

मग सचिव नवे आले, विक्रांत. वाईट नव्हते,
पुण्यात शिकलेले, हिशोबाला स्वच्छ.
त्यांनी पट्टीनं रेघ मारली, वर निळ्या शाईनं लिहिलं:
'जबाबदार व्यक्ती'.
पहिल्या महिन्यात तीन नावं.
दुसऱ्यात एक, तेही मयताचं.
नंतर पानं कोरी, आणि वार्षिक सभेत
कोऱ्या पानांना टाळ्या.

चैत्रात रात्रपाळी माझी.
ग्लँडमधनं पाणी जरा जास्तच ठिबकत होतं.
मला रकाना दिसत होता
आणि त्यात माझं नाव, अजून न लिहिलेलं.
पान्हा घेतला. आवळलं.
थेंब थांबला. किती शांत वाटलं.
दुसऱ्या रात्री नटाला हात लावला आणि झटकन काढला.
तिसऱ्या रात्री जळक्या दोरीचा वास;
मी उदबत्ती लावली.

अकराव्या रात्री ग्लँड फुटली.
फवारा मोटरीवर, भिंतीवर, कोनाड्यात,
दोन पुरांना जमलं नव्हतं तिथवर.

ऐन उन्हात नऊ दिवस पाळी बंद.

सभा दारातच बसली.
वही उन्हात उघडी, वर दगड.
निळा रकाना पानभर पसरलेला,
एकही नाव ओळखू येईना.
पेन्सिल तशीच. खरखर. साडी. गोणपाट.
विक्रांत ते पान धरून बराच वेळ बघत राहिले.
काय वाटलं, मी अजून विचारलेलं नाही.

मी उठलो. म्हणालो, आवळलं मी.
ऊस वाळलेली माणसं होती ती. अक्काताई होत्या.
मागनं कुणीतरी 'नुकसान कोण भरणार' म्हणालं,
आणि त्याला कुणी गप्प बसवलं नाही.
बाबालालचाचांनी एवढंच विचारलं:
किती आटे?
दीड.
आन् त्याआधी मिनटाला थेंब किती?
मोजले नव्हते.
'मग त्येच लिही. मोजले नव्हते.'

त्यांनी नवी दोरी भरली, चार वेढे, सांधा सांध्यावर येऊ न देता,
नट नुसत्या बोटांनी फिरवले.
मोटर चालू झाली. ग्लँडखाली पाणी जमलं, लोंबलं, सुटलं.
माझा हात आपसूक पान्ह्याकडं गेला.
'ऱ्हाऊ दे. ह्यो पडायलाच पायजे,
त्यानंच ती गार ऱ्हाती.'

अक्काताई वाकल्या. विक्रांतनी घड्याळ काढलं.
आम्ही सगळे, ज्यांचं वाळलं तेसुद्धा,
त्या एका जागेकडं बघत मोजायला लागलो.
एकतीसला कुणाचा तरी आकडा चुकला.
परत एकपासून.